‘ब्रह्मचारी’च्या मागची मंडळी

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला विचारावे, चित्र कोणाचे? तो नायकाचे नाव सांगतो. थोडा जाणता असला तर दिग्दर्शकाचे सांगतो. गाण्यांचा शौकीन असेल तर संगीत दिग्दर्शकाचे. तिन्ही उत्तरे खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. विनोदी चित्रपटाच्या बाबतीत तर ती फारच अपुरी ठरतात. रडविणे एकट्या माणसाला साधते. एखादा उत्तम नट रिकाम्या रंगभूमीवर उभा राहून सभागृह रडवू शकतो. हसविण्याला मात्र मंडळी लागते. एकाने शब्द द्यावा, दुसऱ्याने तो नेमक्या क्षणी टाकावा, तिसऱ्याने त्याच क्षणी कॅमेरा दुसऱ्याच्याच तोंडावर न्यावा, चौथ्याने मागची पेटी थांबवावी, आणि या सर्वांनी एकमेकांच्या पायांत पाय न घालता हे करावे, तेव्हा कोठे प्रेक्षक हसतो. आणि त्यात गाणी घालावयाची म्हटले की अडचण दुप्पट होते. कारण विनोदाला घाई असते आणि गाणे स्वभावतःच थांबून राहणारे.

मराठीत ही अडचण ज्यांनी पहिल्यांदा पुरती सोडविली, त्या मंडळींविषयी आज सांगावयाचे आहे. चित्रपट ‘ब्रह्मचारी’, साल १९३८, कंपनी कोल्हापूरची हंस पिक्चर्स. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची, कथा, संवाद आणि पदे आचार्य अत्रे यांची, संगीत दादा चांदेकरांचे, छायालेखन पांडुरंग नाईक यांचे, नायिका मीनाक्षी. या नावांपैकी अत्र्यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे, विनायकांचे बऱ्याच जणांना, मीनाक्षीबाईंचे काहींना. पुढची दोन नावे पडद्यावरून जशी भराभर सरकून जातात तशीच ती स्मृतीतूनही सरकली आहेत. आज ती जरा थांबवून पाहावयाची आहेत.

‘स्वतंत्र’ चित्रपट म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागेल. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो, आणि तो काही नव्या पिढीचा शोध आहे असा समज आहे. वास्तविक आपला चित्रपट जन्मला तोच स्वतंत्र. येथून माटुंगा ओलांडून दादरला उतरावे. तेथे ज्या रस्त्याला आज दादासाहेब फाळक्यांचे नाव आहे, त्याच रस्त्यावरच्या एका बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. फाळक्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. पत्नी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचेही काम करीत. कोणी मालक नव्हता, कोणी सावकार कथेत बोट घालीत नव्हता. स्वातंत्र्य होते ते असे, डोक्यावर कर्ज घेऊन मिळविलेले.

शीव कोळीवाड्यातल्या श्रोत्यांना ही गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगितली तर चटकन पटेल. ज्याची होडी तो नाखवा. होडी समुद्रात नेतो, जाळे कोठे टाकावयाचे ते सांगतो, तो तांडेल. बाकीचे खलाशी. म्हावरे आले की ठरल्याप्रमाणे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचा वाटा. आता चित्रपटाच्या मोठ्या स्टुडिओत नाखवा किनाऱ्यावर बसलेला असतो. तांडेल म्हणजे दिग्दर्शक, तो पगारी. जाळे कोठे टाकावे हे त्याला वाटते एक आणि किनाऱ्यावरून सांगितले जाते भलतेच. स्वतंत्र कंपनी ती, की जिच्यात नाखवा आणि तांडेल एकाच होडीत असतात. म्हावरे मिळाले तर वाटा मोठा, होडी बुडाली तर सगळेच पाण्यात.

हंस पिक्चर्स ही अशी होडी होती. ती कशी बांधली गेली हे पाहण्यासाठी थोडे मागे, कोल्हापुरात जावे लागेल. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. ती गेल्यावर कोल्हापुरात एक पोकळी झाली. बाबूराव पेंटरांच्या वेळेपासून ज्या गावात चित्रपटाच्या कारागिरीची तीन-चार घराणी तयार झाली होती, रंगारी होते, सुतार होते, कॅमेऱ्याचा हात असलेली माणसे होती, ते गाव एकाएकी रिकामे पडले. दरबारच्या आश्रयाने मग कोल्हापूर सिनेटोन निघाली. विनायक आणि त्यांचे बंधू बाबूराव पेंढारकर या कंपनीत आले. विनायक त्यापूर्वी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त, १९३२ साली, नारद झाले होते; सिनेटोनमध्ये त्यांनी १९३५ साली ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला. मामा वरेरकरांची कथा होती. पण आश्रय म्हटला की त्याचे एक ओझेही असते. १९३६ साली विनायक, बाबूराव आणि छायालेखक पांडुरंग नाईक हे तिघे बाहेर पडले आणि त्यांनी हंस पिक्चर्स काढली.

या तिघांची निवड पाहण्यासारखी आहे. एक दिग्दर्शक, एक व्यवहार सांभाळणारा नट, आणि एक कॅमेरावाला. भागीदारांत कॅमेरावाला असणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. एरवी कॅमेरावाला हा मजुरीने येणारा माणूस. येथे तो नाखव्यांपैकी एक होता. अमेरिकेत १९१९ साली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी मिळून युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था काढली, तिचा जगभर गाजावाजा झाला. कलावंतांनीच आपल्या चित्रांचे मालक व्हावे ही तिच्यामागची कल्पना. त्या चौघांपाशी कीर्ती आणि पैसा दोन्ही होते. कोल्हापूरच्या तिघांपाशी कीर्ती थोडी होती आणि पैसा त्याहून थोडा. आणि तरीही कॅमेरावाल्याला भागीदार करण्याची बुद्धी कोल्हापूरच्या मंडळींना झाली, हॉलिवूडच्या नव्हे!

हंसने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. दोन लेखक धरले, आणि तेही एकमेकांपासून शक्य तितके दूरचे. एक वि. स. खांडेकर. कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिकविणारे, गंभीर, ध्येयवादी, दुःखाकडे पाहताना डोळे भरून येणारे. हंसचे पहिले चित्र ‘छाया’ (१९३६) त्यांच्या लेखणीतून उतरले, आणि ते करुण होते. दुसरे अत्रे. तेही शिक्षकच, पुण्याच्या कँपातल्या शाळेचे मुख्याध्यापक. पण ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची टोपी उडविलेले, ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘लग्नाची बेडी’ लिहून नाट्यगृहे भरविलेले. अत्र्यांनी हंससाठी १९३७ साली ‘धर्मवीर’ लिहिला, इब्सेनच्या नाटकाच्या आधाराने. समाजात धर्मवीर म्हणून मिरविणाऱ्या माणसाचे पितळ त्यात उघडे पडते. एकीकडे खांडेकर, एकीकडे अत्रे, अशी ही आलटून पालटून चाललेली नांगरणी होती. एका मोसमात अश्रू, दुसऱ्यात हसू. मला वाटते, यामुळेच विनायकांचा हात दोन्हीकडे बसला. नुसता विनोदच करीत राहणारा दिग्दर्शक लवकर उथळ होतो, आणि नुसती करुणा घोटणारा लवकर कंटाळवाणा.

१९३८ साली हंसने खांडेकरांचा ‘ज्वाला’ काढला. चंद्रमोहनसारखा मोठा नट घेतला, थाट मोठा केला. लोकांनी चित्र उचलून धरले नाही आणि कंपनीला खोट आली. लहान होडीला अशी एकच लाट पुरते. त्याच वर्षी अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ आला. त्यात राजवाडे नव्हते, लढाया नव्हत्या, भरजरी पोशाख नव्हते. खर्चाच्या दृष्टीने पाहाल तर एक तरुण, एक तरुणी, काही विक्षिप्त म्हातारे, व्यायामाचे सामान आणि पाणी. पोशाखांवरचा खर्च तर एका ठिकाणी फारच वाचविला आहे. त्याविषयी पुढे येईलच.

गोष्ट अशी. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. खोलीच्या भिंतींवर सिनेमातल्या नट्यांची चित्रे लावलेली. एके दिवशी तो देशभक्त जटाशंकर नावाच्या पुढाऱ्याचे व्याख्यान ऐकतो आणि त्याच्या अंगात वारे शिरते. भिंतीवरच्या नट्या केराच्या टोपलीत जातात, घरात व्यायामाची साधने येतात आणि औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करून आचार्य चंडीरामांच्या पंथात दाखल होतो. मग किशोरी भेटते, आणि पुढचे सांगावयास नको. (व्याख्यान ऐकून एका भल्या तरुणाची अशी अवस्था झाली, हे व्याख्यानमालेत सांगताना थोडा संकोच होतो. पण आमच्या श्रोत्यांची प्रकृती औदुंबरापेक्षा दणकट आहे.)

नावेच पाहा. औदुंबर म्हणजे दत्ताचा वृक्ष. ज्याच्या पारावर पादुका असतात, ज्याला प्रदक्षिणा घालतात. अशा नावाच्या मुलाने नट्यांची चित्रे लावणे येथूनच हसू सुरू होते. जटाशंकर, चंडीराम, नाव उच्चारताच दाढी दिसते. अत्र्यांचा विनोद असा नावापासून काम करू लागतो. तो अतिशयोक्तीचा विनोद आहे. एक खरी गोष्ट घ्यावयाची आणि ती फुगवीत फुगवीत न्यावयाची, फुटेपर्यंत. त्या काळी शरीर कमवा, वीर्य जपा, लग्नाच्या बेडीत अडकू नका, म्हणजे राष्ट्र उभे राहील, असे सांगणारी व्याख्याने गावोगाव होत. आखाडे, संघ, आश्रम निघत. त्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ होती आणि त्यांनी चांगली कामेही केली. अत्र्यांनी देशभक्तीची थट्टा केली नाही. बाईकडे न पाहणे म्हणजेच देशभक्ती, या हिशेबाची केली. तरीही ती १९३८ सालची थट्टा होती; स्वातंत्र्याची चळवळ ऐन भरात असताना, ‘देशभक्त’ हे बिरूद लावलेल्या पात्राला हास्यास्पद करून दाखविण्याची. मोठ्या भांडवलाचा मालक असता तर त्याने हे पान फाडावयास सांगितले असते, असे मला वाटते. मालकाला सर्वांना खूष ठेवावयाचे असते. हंसचे मालक स्वतःच पडद्यावर उभे राहून मार खाणार होते, म्हणून ते पान राहिले.

आता मूळ अडचणीकडे वळू. गाणे आणि विनोद यांची सांगड.

आपल्याकडे ही सांगड प्रथम नाटकाने घातली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ सालचे. त्यात अर्जुन सुभद्रेसाठी संन्यासी होतो. त्रिदंडी संन्याशाच्या वेषातला प्रियकर हा विनोदाचा केवढा मोठा खजिना आहे हे किर्लोस्करांनी ओळखले होते. औदुंबर हा त्या संन्याशाचाच उलटा वंशज. अर्जुन आतून प्रेमिक आणि बाहेरून विरक्त. औदुंबर स्वतःला आतूनही विरक्तच समजतो, आणि फसतो. पुढे देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आले. मूळ गद्य प्रहसन. १९१६ साली गंधर्व मंडळींनी ते पदांसह रंगभूमीवर आणले. फ्रान्सातल्या मोलिएरपासून इंग्रजीमार्गे पुण्याला आलेली कथा, पण फाल्गुनराव अस्सल इथलाच झाला. या नाटकांत पदे गोड होती, परंतु पद सुरू झाले की नाटक थांबे. वन्समोर आला की आणखी थांबे. फाल्गुनरावाचा संशय वाढता वाढता पाच मिनिटे राग आळवीपर्यंत खोळंबून राही. प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे, कारण ते गाणे ऐकण्यासाठीच आलेले असत.

चित्रपटात हे चालत नाही. पडद्यावरच्या माणसाला वन्समोर मिळत नाही. यंत्र पुढे जात राहते. त्यामुळे विनोदी चित्रात गाणे आले तर त्याने गोष्टीचे काही तरी काम करावयास हवे; गाण्यापूर्वी पात्र जेथे होते तेथे ते गाण्यानंतर राहता कामा नये. बोलपट १९३१ साली ‘आलम आरा’ने आणला, आणि पुढची काही वर्षे आपली चित्रे म्हणजे पडद्यावर चिकटविलेली संगीत नाटके होती. गाण्यांची संख्या मोजून जाहिराती होत. त्याच सुमारास फ्रान्समध्ये रेने क्लेअर यांनी ‘ल मिलियों’ (१९३१) काढून दाखवून दिले होते की हरवलेल्या लॉटरीच्या तिकिटामागे धावणारी माणसे गाता गाता धावू शकतात. धावणे आणि गाणे वेगळे करावे लागत नाही.

‘ब्रह्मचारी’तले जे गाणे गाजले, ते यमुनेच्या पाण्यात कन्हैयाशी खेळण्याचे. किशोरी पोहण्याच्या आखूड पोशाखात आहे, आणि औदुंबराला भुलविण्यासाठी ते गात आहे. या एका दृश्यावर वादळ उठले. वर्तमानपत्रांतून आणि घराघरांतून टीका झाली. आणि टीका करणारे चित्र पाहूनच टीका करीत होते हे तिकीटविक्रीवरून समजत होते. पण वादळ बाजूला ठेवून गाण्याची बांधणी पाहिली की त्या चार-पाच माणसांचे डोके कसे चालले होते ते कळते.

पहिली गोष्ट शब्दांची. कृष्ण आणि यमुना. हा विषय गौळणीचा. तो कीर्तनात आहे, भजनात आहे, आणि तमाशातही गणानंतर गौळण येतेच. म्हणजे पवित्र आणि चावट यांच्या मधली जी जागा आपल्या परंपरेने आधीच मोकळी ठेवली होती, नेमकी तीच अत्र्यांनी पकडली. औदुंबराला त्या गाण्यावर आक्षेप तरी कसा घेता येणार? देवाचेच गाणे आहे! ब्रह्मचाऱ्याच्या कानांना बंदी नाही. बंदी आहे ती डोळ्यांना. गाणे कानाला गौळण ऐकविते आणि डोळ्याला दुसरेच काही दाखविते. विनोद आहे तो या दोहोंच्या ओढाताणीत.

दुसरी गोष्ट चालीची. दादा चांदेकरांनी येथे मोठी गायकी मांडली नाही. चाल सोपी, उडती, चटकन तोंडात बसणारी ठेवली. हे कमीपणाचे लक्षण नव्हे. ताना आल्या असत्या तर प्रेक्षक डोळे मिटून ऐकू लागला असता; आणि या गाण्यात प्रेक्षकाने डोळे मिटणे म्हणजे सर्वच गेले! चांदेकरांनी विनायकांच्या कितीतरी चित्रांना संगीत दिले. पुढचा ‘ब्रँडीची बाटली’ही त्यांचाच. स्वतःचे संगीत मागे ठेवून प्रसंग पुढे करण्याचा गुण त्यांच्यापाशी होता, आणि या गुणाचे पारितोषिक कोठेही दिले जात नाही.

तिसरी गोष्ट गाणारीची. मीनाक्षीबाई मूळच्या रतन पेडणेकर, लग्नानंतर शिरोडकर. रेडिओवरच्या नाटिकांत त्यांनी कामे केली होती. चित्रपटात ‘ब्रह्मचारी’ हे त्यांचे पहिलेच. गाणे त्यांनी स्वतः गायिले आहे. आवाजात गवयाचा भारदस्तपणा नाही; कॉलेजातल्या मुलीचा खेळकरपणा आहे, आणि तोच हवा होता. येथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. या चित्राच्या धाडसाबद्दल अत्र्यांची आणि विनायकांची पाठ थोपटली जाते, आणि ती थोपटावीही. परंतु पोहण्याचा पोशाख घालून कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे काम त्या दोघांनी केले नव्हते. लेखक कागदामागे असतो, दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे. मीनाक्षीबाई पुढे होत्या, विवाहित होत्या, आणि लोकांचे शब्द झेलावयाचे ते त्यांना होते. मंडळींतल्या जोखमीचे वाटे समान नव्हते. तरी त्यांनी ते दृश्य असे निभावले आहे की त्यात लाजही नाही आणि निर्लज्जपणाही नाही. खोडकरपणा आहे. हा तोल जरा जरी ढळला असता तर चित्र उथळ ठरले असते आणि आज त्याविषयी बोलण्याचे कारण उरले नसते.

चौथी गोष्ट नाईकांच्या कॅमेऱ्याची आणि विनायकांच्या चेहऱ्याची, आणि या दोन्ही मिळून एकच आहेत. गाणे किशोरीचे आहे, पण हसू औदुंबराला पाहून येते. विनायकांचा चेहरा विनोदी नटाचा नव्हताच. भाबडा, स्वच्छ, थोडा भांबावलेला. दामुअण्णा मालवणकर पडद्यावर आले की त्यांच्या तिरळ्या डोळ्यानेच लोक हसू लागत. त्यांना काही करावे लागत नसे. विनायकांना सर्व काही करावे लागे, आणि ते काहीच करीत नाहीत असे वाटावयास लावीत. अत्रे अतिशयोक्तीने लिहीत. विनायक ते संयमाने करीत. शब्द फुगत जातो आणि चेहरा लहान लहान होत जातो. दोन्ही फुगले असते तर प्रहसन झाले असते. दोन्ही संयमी असते तर कोणी हसलेच नसते. दिग्दर्शक आणि नट एकच असल्यामुळे कॅमेरा लावताना आपण कसे दिसतो हे विनायकांना दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागे, आणि तो डोळा नाईकांचा होता. विनोदी नटाला ज्याच्यावर पुरता विश्वास टाकता येतो असा कॅमेरावाला मिळणे हे नशीब आहे. हंसमध्ये तो भागीदारच होता.

सोबतची मंडळीही काही भरतीची नव्हती. विष्णुपंत जोग, साळवी, जावडेकर, दामुअण्णा. नाटकाच्या पेढीवर तयार झालेली, शब्द कोठे तोडावयाचा हे रक्तात मुरलेली माणसे. यांपैकी दामुअण्णा आणि जोग यांची जोडी विनायकांनी पुढे १९४० साली ‘लग्न पहावे करून’मध्ये चि. वि. जोशांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या रूपाने उभी केली. दामुअण्णा चिमणराव, जोग गुंड्याभाऊ. पुढे दूरदर्शनवर दुसरे चिमणराव आले आणि घरोघर लाडके झाले, पण पडद्यावर ही जोडी आणली ती विनायकांनी.

‘ब्रह्मचारी’ मराठीत आणि हिंदीत असा दुहेरी निघाला. त्या काळी ही रीतच होती. एकाच मांडणीत एक प्रसंग मराठीत घ्यावयाचा आणि लगेच हिंदीत. लहान कंपनीला बाजारपेठ वाढविण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पण असे करताना विनोदाचे काय होते हे कोणीही अनुभवी नट सांगेल. रडणे दोन्ही भाषांत सारखेच असते. अत्र्यांचा शब्द मात्र मराठीच्या मातीतून उपटला की कोमेजतो. मराठीत ‘ब्रह्मचारी’ महिनोन्महिने चालला, आणि ‘ज्वाला’ने आलेली खोट या साध्या चित्राने भरून काढली.

लागलीच १९३९ साली ‘ब्रँडीची बाटली’ आला. लेखक अत्रे, दिग्दर्शक विनायक, संगीत चांदेकरांचे. नायकाच्या जागी या वेळी दामुअण्णा. बगाराम नावाचा नाकासमोर चालणारा कारकून. त्याला ब्रँडीची एक बाटली आणून द्यावयाची आहे, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही! याच वर्षी १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी अमलात आणली. म्हणजे पुन्हा एकदा ज्या गोष्टीवर व्यासपीठावरून व्याख्याने होत होती, तीच या मंडळींनी हसण्यावर नेली. तरीही हे दारूचे समर्थन करणारे चित्र नव्हे. सज्जनपणा आणि अडाणीपणा यांत फार अंतर नसते, एवढेच ते सांगते.

येथपर्यंत होडी छान चालली होती. मग ती मोठ्या गलबताला बांधली गेली.

पुण्याला नवयुग चित्रपट ही मर्यादित कंपनी निघाली आणि हंसची मंडळी तिच्यात गेली. कारण उघड होते. एका ‘ज्वाला’ने बुडावयाची वेळ येते, तर भांडवल मोठे असावे, भागधारक असावेत, एका चित्राच्या अपयशाने चूल विझू नये. या विचारात काही चूक नव्हती. नुकसान ज्याने सोसले आहे त्याला तो सुचणारच. परंतु भागधारक आले की किनाऱ्यावर बसलेला नाखवा आला. नवयुगने चांगली चित्रे दिली, ‘लग्न पहावे करून’ त्यांतलेच. पण मंडळी टिकली नाही. अत्रे आणि विनायक यांच्यात मतभेद झाले. अत्र्यांनी स्वतःची कंपनी काढून १९४१ साली ‘पायाची दासी’ केला. विनायकही पुढे नवयुगमधून बाहेर पडले आणि त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली. पुन्हा लहान होडी, पुन्हा स्वतःच तांडेल. ज्या दोघांनी मिळून मराठी माणसाला पडद्यावर पोट धरून हसावयास शिकविले, ते वेगवेगळे झाल्यावर दोघांनीही चित्रे काढली, चांगलीही काढली. ‘ब्रह्मचारी’ मात्र दोघांपैकी कोणाकडूनही पुन्हा झाला नाही. यात कोणाचा दोष होता याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. अत्र्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’त आणि बाबूरावांनी ‘चित्र आणि चरित्र’त आपापल्या आठवणी लिहिल्या आहेत. जिज्ञासूंनी दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एका घरात राहिलेली दोन माणसे घर वेगवेगळे कसे आठवितात, ते पाहण्यासारखे आहे.

प्रफुल्लबद्दल एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. त्यांची थोरली मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. विनायकांनी तिला आधी ‘पहिली मंगळागौर’मध्ये काम दिले आणि मग प्रफुल्लमध्ये नोकरीवर ठेवून घेतले. १९४५ साली कंपनीने मुक्काम कोल्हापुराहून मुंबईला हलविला, तेव्हा तीही मुंबईला आली. ती लता मंगेशकर. लहान कंपनीत पगारपत्रक लहान असते, पण ते मालकाच्या हाती असते. कोणाला ठेवावयाचे हे तो भागधारकांना न विचारता ठरवू शकतो. लताबाईंची मुंबई अशा एका पगारपत्रकापासून सुरू झाली.

विनायक १९ ऑगस्ट १९४७ रोजी वारले. देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झाले होते. वय एकेचाळीस. त्यांची मुलगी नंदा पुढे हिंदी चित्रपटांत नावारूपाला आली. मीनाक्षीबाईंना दीर्घ आयुष्य लाभले. त्या १९९७ साली गेल्या. ‘ब्रह्मचारी’ पुढे नाटक होऊन रंगभूमीवर आला, आणि १९८० नंतरच्या दशकात प्रशांत दामले व वर्षा उसगांवकर यांनी तो पुन्हा गाजविला. म्हणजे औदुंबर जेथून निघाला होता त्या नाट्यगृहातच परत गेला, आणि तेथेही त्याचा ब्रह्मचर्याचा निश्चय टिकला नाही.

बाबूराव पेंढारकर आणि अत्रे हे मात्र पुन्हा एकत्र आले. १९५४ साली अत्र्यांनी मुंबईत ‘महात्मा फुले’ काढला आणि जोतीरावांची भूमिका बाबूरावांना दिली. खलनायकाची कामे करून ज्यांनी नाव मिळविले होते, ते हंसचे हे जुने भागीदार त्या चित्रात जोतीरावांचा फेटा बांधून उभे राहिले. चित्राला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.